संगणकांची खानेसुमारी

१२ मे २०१७ या दिवशीं, शुक्रवारीं, इंग्लंडांतील रुग्णालयांचें काम नेहमीप्रमाणें चाललें असतां ठिकठिकाणच्या संगणकांच्या पडद्यांवर एक तांबडी चौकट उमटूं लागली. यंत्रांतील कागदपत्रें कुलूपबंद करण्यांत आलीं आहेत, तीं परत हवीं असल्यास तीनशें डॉलर भरावे, असा तिचा आशय होता. वॉनाक्राय या नांवानें हा उपद्रव पुढें जगाच्या परिचयाचा झाला. ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयानें त्याच वर्षींच्या ऑक्टोबरांत जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यावरून असें दिसतें कीं, इंग्लंडांतील २३६ आरोग्य-न्यासांपैकीं निदान ८१ न्यासांच्या कामांत व्यत्यय आला. रुग्णांच्या १९,००० हून अधिक भेटी रद्द झाल्या असाव्या असा अदमास करण्यांत आला. आणि पांच भागांतील लोकांना तांतडीच्या उपचारांसाठीं नेहमीपेक्षां दूर जावें लागलें.

या प्रकरणांत विचार करण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. ज्या फटींतून हा उपद्रव आंत शिरला, ती बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्ट कंपनीनें १४ मार्च रोजीं, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधीं, प्रसिद्ध केली होती. ती बसवून घ्या अशा सूचनाही मार्च व एप्रिल महिन्यांत रुग्णालयांकडे गेल्या होत्या. परंतु त्या सूचनांचा अंमल झाला कीं नाहीं, हें पाहण्याची रीतसर व्यवस्था आरोग्यखात्यापाशीं नव्हती. बाधा झालेल्या यंत्रांपैकीं बहुतेक यंत्रें अगदीं जुनाट होतीं असेंही नाहीं. विंडोज ७ ही तेव्हां चालू असलेली प्रणाली त्यांवर होती. फक्त दुरुस्ती बसविलेली नव्हती. कोणत्या खोलींतील कोणतें यंत्र तसेंच राहून गेलें आहे, हें सांगणारी खरी यादी हातीं असती, तर त्या शुक्रवारचें स्वरूप पुष्कळच सौम्य झालें असतें.

यादी करण्याची विद्या मराठी माणसास नवी नाहीं. सभासदाच्या बखरींत शिवछत्रपतींच्या पश्चात् राहिलेल्या खजिन्याची, कापडाची, हत्तीघोड्यांची याद आली आहे. आजही महाराष्ट्रांतील सरकारी कचेऱ्यांत व शाळांत जडवस्तु-संग्रहाची नोंदवही असते. तींत खुर्ची, टेबल, कपाट यांच्या पंक्तीला संगणकही जाऊन बसला आहे. वस्तूचें नांव, खरेदीची तारीख, किंमत, नग एक. खुर्चीच्या बाबतींत एवढ्यानें भागतें. कारण खुर्ची ही दहा वर्षांनींही खुर्चीच राहते, फार तर तिचा एक पाय डुगडुगूं लागतो. संगणकाचें तसें नाहीं. त्याचें बाहेरचें खोकें तेंच राहून आंतील वस्तु बदलत असते. आज एक कार्यक्रम चढतो, उद्यां दुसरा उतरतो, परवां स्मरणपट्टी काढून शेजारच्या यंत्रांत घातली जाते. अशा वस्तूची वर्षांतून एकदां हातानें मोजदाद करणें म्हणजे नदीच्या पाण्याची खानेसुमारी करण्यासारखें आहे. म्हणून यंत्राची माहिती यंत्रालाच विचारावी, आणि विचारण्याचें कामही यंत्राकडेच सोंपवावें, ही युक्ति निघाली.

या युक्तीचें साधन म्हणजे स्क्रिप्ट. स्क्रिप्ट ही साध्या मजकुराची एक फाईल असते. तींत एकाखालीं एक आज्ञा लिहिलेल्या असतात आणि संगणक त्या वाचून त्या क्रमानें पार पाडतो. कारखान्यांत तयार होऊन येणाऱ्या मोठ्या कार्यक्रमाचा डामडौल तिला नसतो. कार्यालयांतील संगणक सांभाळणारा मनुष्य ती आपल्या हातानें लिहितो, अडली तर दुरुस्त करतो, आणि तींत काय लिहिलें आहे हें कोणाही जाणत्यास उघडून वाचतां येतें. मोल देऊन मिळणारीं मोजणीचीं साधनें पुष्कळ आहेत, आणि फ्रान्समध्यें तयार झालेल्या जीएलपीआय किंवा ओसीएस इन्व्हेंटरी यांसारखीं मुक्त साधनेंही आहेत. तथापि दोन-तीनशें यंत्रांच्या कचेरींत हातानें लिहिलेल्या स्क्रिप्टचा उपयोग अजून संपलेला नाहीं. आणि तयार साधन वापरणाऱ्यासही तें आंतून कसें चालतें हें समजावयास स्क्रिप्टइतका सरळ मार्ग नाहीं.

स्क्रिप्टनें प्रश्न विचारला तरी उत्तर देणारा कोणीतरी यंत्रांत बसलेला असावा लागतो. निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांनीं आपली माहिती एकाच पद्धतीनें सांगावी यासाठीं १९९२ सालीं अमेरिकेंत एक मंडळ स्थापन झालें. डीएमटीएफ या आद्याक्षरांनीं तें ओळखलें जातें. १९९६ सालीं मायक्रोसॉफ्ट, इंटेल, कॉम्पॅक, सिस्को व बीएमसी या कंपन्यांनीं मिळून त्या दिशेनें जी योजना पुढें मांडली, तिचें विंडोजमधील रूप म्हणजे विंडोज मॅनेजमेंट इन्स्ट्रुमेंटेशन, संक्षेपानें डब्ल्यूएमआय. विंडोज २००० पासून ती व्यवस्था प्रत्येक यंत्रांत उपजतच असते. तिला यंत्रांतला कारकून म्हटलें तर चालेल. या कारकुनापाशीं शेंकडों खातीं आहेत: एक प्रक्रियकाचें, एक तबकड्यांचें, एक यंत्राच्या निर्मात्याचें व अनुक्रमांकाचें, एक प्रणालीच्या आवृत्तीचें. अमुक खात्यांतून अमुक रकाने द्या, अशा थाटाचें एक वाक्य लिहिलें कीं तो निमूटपणें उत्तर देतो. दूरच्या यंत्राचें नांव त्या वाक्याआधीं जोडलें तर जाळ्यावरून तेथल्या कारकुनाकडूनही उत्तर येतें. मात्र विचारणाराला तसा अधिकार पाहिजे.

एवढें ऐकल्यावर काम एका दुपारचें आहे असें कोणासही वाटेल. आणि पहिली स्क्रिप्ट खरोखर एका दुपारींच तयार होते. यंत्रांच्या नांवांची यादी घ्यावी, एकेका नांवास प्रश्न विचारावे, उत्तरें स्वल्पविरामांनीं तोडून एका ओळींत लिहावीं, पुढील नांवाकडे वळावें. दोनशें ओळींचें कोष्टक तयार होतें आणि व्यवस्थापक तें वरिष्ठांपुढें ठेवतो. खरें काम यानंतर सुरू होतें. कोष्टक भरलें आहे म्हणून तें खरें आहे असें होत नाहीं.

यांतील सर्वांत फसवी चूक अशी. व्हीबीस्क्रिप्ट या भाषेंत, जिच्यांत अशा स्क्रिप्ट पुष्कळ वर्षें लिहिल्या गेल्या, चूक झाली तरी न थांबतां पुढील ओळीवर जा अशी एक आज्ञा आहे. मोजणी करणाऱ्यास ती फार सोईची वाटते. कारण दोनशें यंत्रांपैकीं पांचपंचवीस बंद असावयाचींच, आणि प्रत्येक बंद यंत्रापाशीं स्क्रिप्ट अडून राहिली तर मोजणी कधींच पुरी होणार नाहीं. म्हणून तो ती आज्ञा अगदीं आरंभीं लिहून टाकतो. आतां समजा, सोळाव्या यंत्राशीं संधान जुळलें, उत्तरें आलीं, ओळ लिहिली गेली. सतरावें यंत्र बंद आहे. संधान जुळविण्याची आज्ञा फसते. पण फसली तरी पुढें जा असें सांगितलेलें असल्यानें स्क्रिप्ट पुढें जाते. संधान ज्या नांवाखालीं ठेवलें होतें, त्या नांवाखालीं अजून सोळाव्या यंत्राचें संधान तसेंच शिल्लक आहे. पुढचे सर्व प्रश्न त्याच जुन्या संधानावरून विचारले जातात, सोळावें यंत्र इमानानें पुन्हां तींच उत्तरें देतें, आणि कोष्टकांत सतराव्याच्या नांवापुढें सोळाव्याचा सगळा तपशील उमटतो. कोठें घंटा वाजत नाहीं, कोठें तांबडें अक्षर दिसत नाहीं. कोष्टक भरगच्च दिसतें. त्यांत सतराव्या यंत्रावर दुरुस्ती बसविलेली आहे असें लिहिलेलें असतें, आणि तें यंत्र मात्र कपाटाआड दुरुस्तीवांचून पडून राहिलेलें असतें.

यावरचा उपाय सोपा आहे, पण तो ज्यास ही चूक एकदां सांपडली आहे त्यालाच सुचतो. प्रत्येक नव्या नांवाकडे वळतांना मागील सर्व उत्तरें व मागील संधान पुसून टाकावें. संधान जुळलें कीं नाहीं हें तेथल्या तेथें तपासावें. आणि न जुळल्यास त्या ओळींत रिकामी जागा न सोडतां न जुळण्याचें कारण लिहावें. बंद आहे, परवानगी नाकारली, नांवाचा पत्ता लागला नाहीं: हीं तिन्ही उत्तरें परस्परांहून निराळीं आहेत, आणि प्रत्येकावर निराळ्या माणसानें निराळें काम करावयाचें असतें. शिवाय उत्तर देणाऱ्या यंत्रास त्याचें स्वतःचें नांवही विचारून घ्यावें. जाळ्यावरील पत्ते पाळीपाळीनें वाटले जातात, आणि नांवांची वही शिळी असली तर एका नांवानें हांक मारल्यावर भलतेंच यंत्र ओ देतें. २००६ सालीं पॉवरशेल ही नवी भाषा आली, तिच्यांत चुका हाताळण्याची सोय पुष्कळ चांगली आहे. परंतु फेऱ्यांत जुनें उत्तर पुसावयाचें राहून गेलें तर तेथेंही हाच घोंटाळा होतो.

दुसरी अडचण ओळखीची. माणसास जसें नांव तसा यंत्रास अनुक्रमांक. तो मूळ फलकाच्या स्मृतींत कारखान्यांतच कोरलेला असतो, आणि यादींत एकच यंत्र दोनदां येऊं नये म्हणून त्याचाच आधार घेणें बरें. यंत्राचें नांव बदलतां येतें, जाळ्याचें कार्ड बदलतां येतें, म्हणून त्यांवर भिस्त ठेवतां येत नाहीं. नामांकित कंपन्यांच्या यंत्रांत हा क्रमांक नीट मिळतो. परंतु बाजारांतून सुटे भाग आणून जोडलेल्या यंत्रांत अनेकदां क्रमांकाच्या जागीं “टू बी फिल्ड बाय ओ.ई.एम.” असें वाक्य सांपडतें. जोडणाऱ्यानें येथें क्रमांक भरावा, असा त्याचा अर्थ. जोडणाऱ्यानें तो भरलेला नसतो. आपल्याकडे अशीं जोडणीचीं यंत्रें थोडींथोडकीं नाहींत. स्क्रिप्ट अनुक्रमांकावरून ओळख ठेवीत असेल तर अशीं सारीं यंत्रें एकाच ओळींत एकमेकांवर लिहिलीं जातात आणि चाळीसांचें एक होतें. अशा वेळीं कार्यालयानें आपला क्रमांक खोक्यावर चिकटवावा व तोच यंत्राच्या आंतही नोंदवून ठेवावा, यापरता दुसरा चांगला मार्ग नाहीं. जडवस्तूंच्या नोंदवहीचा क्रमांक येथें कामीं येतो, हें त्या जुन्या वहीच्या बाजूनें सांगितलें पाहिजे.

यंत्राच्या अंगाविषयींचे बाकीचे प्रश्न त्या मानानें सरळ आहेत. तरी कारकुनाचें प्रत्येक उत्तर डोळे मिटून घेऊं नये. चित्रपत्रिकेची स्मृति किती, असें विचारलें तर त्या रकान्याची रुंदीच अशी ठेवलेली आहे कीं चार गिगाबाइटांपलीकडचा आंकडा त्यांत मावत नाहीं. आठ किंवा बारा गिगाबाइटांचें कार्डही तेथें चार इतकेंच दिसतें. तबकड्यांचें खातें विचारतांना फक्त स्थिर तबकड्या असें बजावून सांगितलें नाहीं, तर जाळ्यावरच्या सामायिक तबकड्याही त्या यंत्राच्या मालकींत मोजल्या जातात.

यंत्रावर कोणते कार्यक्रम बसविलेले आहेत, हा प्रश्न मात्र सरळ नाहीं, आणि येथें तर नुसतें विचारल्यानें अपाय होऊं शकतो. कारकुनापाशीं विन-३२ प्रॉडक्ट या नांवाचें एक खातें आहे. नांवावरून नवशिका तेंच उघडतो. परंतु या खात्याची रचना अशी विलक्षण आहे कीं, त्याला यादी मागितली म्हणजे तो विंडोज इन्स्टॉलरनें बसविलेल्या एकूण एक कार्यक्रमाची तपासणी करूं लागतो, आणि एखाद्याचा कांहीं भाग बिघडलेला दिसला तर न विचारतां दुरुस्तही करूं लागतो. घटनांच्या नोंदींत १०३५ या क्रमांकाच्या नोंदींची रांग लागते. एखाद्या मुख्य यंत्रावर कोणी मुद्दाम कांहीं बदल करून ठेवला असेल तर तो या दुरुस्तीनें पूर्ववत् होण्याचा संभव असतो. खानेसुमारीच्या कामगारानें घरांत माणसें किती असें विचारावें आणि बोलतां बोलतां घरांतील भांडीं आपल्या मतें नीट लावून ठेवावीं, तशांतला हा प्रकार. एवढें करूनही यादी अपुरीच मिळते. कारण इतर रीतींनीं बसविलेले कार्यक्रम या खात्यांत येतच नाहींत. स्वतः मायक्रोसॉफ्ट कंपनीनें या खात्याविषयीं सावध केलें आहे. तरीही कित्येक स्क्रिप्टमध्यें तें अजून आढळतें.

योग्य मार्ग असा कीं, विंडोजच्या रजिस्ट्री नामक दप्तरांत कार्यक्रम काढून टाकण्यासाठीं अनइन्स्टॉल या नांवाचा जो कप्पा ठेवलेला आहे, तो नुसता वाचावा. चौसष्ट-बिटांच्या यंत्रांत असे कप्पे दोन असतात, एक नव्या धाटणीच्या कार्यक्रमांचा व एक बत्तीस-बिटांच्या जुन्यांचा. दुसरा वाचावयाचा राहिला तर अर्धी वस्ती मोजणींतून गळते. शिवाय जे कार्यक्रम एखाद्या वापरणाऱ्यानें आपल्यापुरते बसविले, त्यांची नोंद त्याच्या वैयक्तिक कप्प्यांत असते. ती वाचावयाची तर त्या वापरणाऱ्याच्या प्रवेशाच्या वेळीं चालणारी स्क्रिप्ट अधिक उपयोगीं पडते. ही स्क्रिप्ट यंत्रावरच चालते व आपली माहिती सामायिक कपाटांत ठेवून जाते. सर्वांनीं एकाच फाईलींत लिहावें असें ठरविलें तर सकाळीं दहाच्या ठोक्याला सगळीं यंत्रें तिच्यावर तुटून पडतात व एकमेकांस अडवितात. म्हणून प्रत्येक यंत्राची फाईल वेगळी ठेवून मागाहून त्या एकत्र कराव्या.

याही मोजणीच्या बाहेर एक वस्ती राहतेच. डिसेंबर २०२१ मध्यें लॉग४जे नांवाच्या एका लहानशा सुट्या भागांत मोठें छिद्र असल्याचें जाहीर झालें. हा भाग स्वतंत्र कार्यक्रम नव्हता. जावा भाषेंत लिहिलेल्या असंख्य कार्यक्रमांच्या पोटांत, गांठोड्याच्या आंतील गांठोड्यांत, तो बांधलेला होता. बसविलेल्या कार्यक्रमांच्या कोणत्याही यादींत त्याचें नांव असणें शक्य नव्हतें. आपल्याकडे तो कोठें कोठें आहे हें शोधण्यांत जगभरच्या कार्यालयांनीं दिवसरात्री घालविल्या. अमेरिकेच्या एका मध्यवर्ती खात्यानें या एका प्रकरणापायीं ३३,००० तास खर्च केल्याचें तेथील सायबर-सुरक्षा परीक्षण मंडळाच्या २०२२ च्या अहवालांत नमूद आहे. ज्यांच्यापाशीं निदान यंत्रांची यादी तयार होती, त्यांना फाईली धुंडाळणारी स्क्रिप्ट कोठें कोठें पाठवावयाची हें तरी ठाऊक होतें.

जमलेली माहिती पुष्कळदां शेवटच्या टप्प्यावर बिघडते, आणि तीही क्षुल्लक कारणांनीं. कंपन्यांच्या नांवांतच स्वल्पविराम असतात. ते अवतरणांत बांधले नाहींत तर रकाने एकेक घर सरकतात. तसेंच शून्यानें आरंभ होणारा अनुक्रमांक एक्सेलमध्यें उघडला कीं आरंभीचें शून्य गळून पडतें, आणि ज्या क्रमांकांत आंकड्यांच्या मधोमध इंग्रजी ई हें अक्षर येतें, त्यास एक्सेल घातांकाची संख्या समजून भलताच आंकडा करून टाकतो. अशी फाईल एकदां जतन केली कीं मूळ क्रमांक परत मिळत नाहीं. म्हणून उघडण्यापूर्वींच तो रकाना मजकुराचा आहे असें सांगावें लागतें. आणखी एक रकाना कोणत्याही मोजणींत असावाच: हें यंत्र शेवटचें कधीं भेटलें, त्याची तारीख. तारखेवांचून असलेल्या यादींत मेलेलीं यंत्रें जिवंतांच्या शेजारीं वर्षानुवर्षें नांदतात.

पुष्कळांना असें वाटतें कीं ही यादी कार्यालयांतील निरुपद्रवी कागदांपैकीं एक आहे. तसें नाहीं. कोणत्या यंत्रावर कोणती दुरुस्ती नाहीं हें जींत लिहिलें आहे, ती यादी चोराच्या हातीं पडली तर त्याचें निम्मे काम झालें. तरीही ती सर्वांस उघड्या असलेल्या कपाटांत पडलेली आढळते, आणि त्याहून वाईट म्हणजे, सर्व यंत्रांवर अधिकार चालविणारा परवलीचा शब्द स्क्रिप्टमध्येंच उघड्या अक्षरांत लिहिलेला आढळतो. वापरणाऱ्यांचाही प्रश्न आहेच. कोणी काय बसविलें हें विचारणारी स्क्रिप्ट आपल्या यंत्रावर रोज सकाळीं चालते, हें त्या माणसांना आधीं सांगितलेलें असावें.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण पाठिंबा संपला आणि तिच्या नंतरच्या प्रणालीस यंत्रांत टीपीएम २.० नांवाची सुरक्षा-चकती व ठराविक पिढीपासूनचा प्रक्रियक लागतो. कोणतीं यंत्रें चढवितां येतील आणि कोणतीं काढून टाकावीं लागतील, याचा हिशोब ज्या कार्यालयांत हातानें करावा लागला तेथें माणसें खोलीखोलींतून कागद घेऊन हिंडलीं. जेथें स्क्रिप्ट होती तेथें दोन रकाने वाढवावे लागले. परंतु याच सुमारास त्या स्क्रिप्टवरही पाळी आली आहे. व्हीबीस्क्रिप्ट ही भाषा विंडोजमधून हळूहळू काढून घेण्यांत येईल, असें मायक्रोसॉफ्टनें ऑक्टोबर २०२३ मध्यें जाहीर केलें. त्यामुळें वीस-वीस वर्षें मुकाट्यानें चालत आलेल्या प्रवेशाच्या वेळच्या स्क्रिप्ट, ठराविक वेळीं चालणारीं कामें आणि विसरलेल्या कोपऱ्यांतील व्ही-बी-एस शेपटाच्या फाईली कोठें कोठें आहेत, याची आतां स्वतंत्र मोजणी करावी लागते. ती मोजणी पॉवरशेलमध्यें लिहिलेल्या नव्या स्क्रिप्टनें होते, आणि तिनें आणलेल्या यादींत पहिल्या ओळीवर पुष्कळदां जुन्या मोजणीच्या स्क्रिप्टचेंच नांव असतें.